परदेशी न्यायाधीशाचे शिक्षण आणि काळाचा निवाडा

१

आई किंवा बाप यांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून आपले मूल एका देशातून दुसऱ्या देशात नेले, तर त्या मुलाविषयीचा निवाडा कोणत्या देशाच्या न्यायासनाने करावा, हा प्रश्न खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्यात आता पुष्कळ जुना झाला आहे. त्या मानाने दुसरा एक प्रश्न नवा आहे. हा निवाडा करणाऱ्या न्यायाधीशास त्याचे शिक्षण कोणी द्यावे, आणि त्या शिक्षणाचा आशय काय असावा? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी २०१४ साली या विषयावर जो कायदा केला, त्यात परदेशांतील न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र कलम घातले. हेग येथील खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्याची परिषद तर त्यापूर्वीपासूनच न्यायाधीशांची चर्चासत्रे भरवीत आली आहे. अमेरिकेच्या कायद्याच्या दृष्टीने 'परदेशी न्यायाधीश' म्हणजे कोण, याचा विचार केला तर नागपूर खंडपीठाचे न्यायमूर्ती त्यात येतात, आणि बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात बसणारा न्यायाधीशही येतो. त्यास काय शिकविले जाते व ते पुरेसे आहे काय, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखाचे प्रतिपादन आरंभीच सांगितलेले बरे. या विषयातील प्रचलित प्रशिक्षणाचा कल न्यायाधीशास एक उत्तर शिकविण्याकडे आहे. ते उत्तर म्हणजे 'मूल परत पाठवा'. आपल्या न्यायालयांचे निकाल बारकाईने पाहिले असता असे दिसते की, त्यांतील खरी उणीव उत्तराची नसून काळाची आहे. मुलाचे भवितव्य पुष्कळदा तत्त्वाने ठरत नाही, दिनदर्शिकेने ठरते. तेव्हा न्यायाधीशास शिकवावयाचे ते प्रश्नांचा क्रम आणि प्रत्येक प्रश्नाला द्यावयाचा वेळ, हे होय. येथे एक खुलासा अवश्य आहे. लेखात पक्षकारांची नावे दिलेली नाहीत. ज्या मुलांविषयी हे निकाल झाले ती आज प्रौढ झालेली असोत वा नसोत, त्यांची नावे पुन:पुन्हा छापण्याने अभ्यासास काही लाभ होत नाही. निकाल त्यांच्या वर्षांवरून व न्यायमूर्तींच्या नावांवरून ओळखता येतील.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू. इंग्रजीतून आलेल्या रूढ नावाचे भाषांतर 'अपहरण' असे केले जाते. अपहरण म्हटले की दरोडेखोर डोळ्यांपुढे येतो, आणि येथे तर पुष्कळदा तान्ह्या मुलास कडेवर घेऊन माहेरी आलेली आई असते. आपला फौजदारी कायदाही या बाबतीत सावध आहे. न्यायालयाचा मनाई हुकूम नसता बापाने आपले अज्ञान मूल आईकडून नेले, तर केवळ तेवढ्यावरून तो अपहरणाचा गुन्हा होत नाही, असे नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. भारताच्या विधी आयोगाने २०१६ च्या आपल्या २६३ व्या अहवालात प्रस्तावित विधेयकाच्या नावातून हा शब्द वगळला आणि मूल देशांतरास 'नेणे व रोखून ठेवणे' अशा अर्थाचे शब्द घातले, ते योग्यच झाले. कारण शब्द कानावर पडताच ऐकणाऱ्याच्या मनात अर्धा निवाडा होऊन जातो. ज्या वर्गात पहिल्या तासाला 'अपहरणकर्ता' हा शब्द फळ्यावर लिहिला जातो, त्या वर्गातील विद्यार्थी, मग तो न्यायाधीश का असेना, दुसऱ्या तासाला मोकळ्या मनाने बसत नाही.

२५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे जो करार झाला आणि १ डिसेंबर १९८३ पासून जो अंमलात आला, त्याची रचना मोठी आटोपशीर आहे. सोळा वर्षांखालील मूल त्याच्या नित्य निवासाच्या देशातून, ताब्याचा हक्क डावलून, दुसऱ्या देशात नेले गेले असेल तर त्यास त्वरेने परत पाठवावयाचे. मूल कोणापाशी राहावे हा प्रश्न परत गेल्यावर तेथील न्यायालयाने सोडवावयाचा. कलम १६ आणि १९ यांनी या दोन प्रश्नांमध्ये भिंतच उभी केली आहे. कलम ११ मध्ये सहा आठवड्यांची अपेक्षा आहे. कलम १२ असे म्हणते की, एक वर्ष उलटून गेल्यावर अर्ज झाला आणि मूल नव्या परिसरात रुजले असेल, तर परत पाठवणी बंधनकारक राहत नाही. कलम १३ मध्ये संमती, गंभीर धोका आणि समजत्या मुलाचा विरोध हे अपवाद आहेत. कलम २० मानवी हक्कांच्या मूलतत्त्वांचे आहे. शंभरांहून अधिक राष्ट्रे या कराराची सदस्य आहेत. भारत आजवर झालेला नाही. विधी आयोगाने २००९ च्या २१८ व्या अहवालात सदस्यत्वाची शिफारस केली होती. पुढे न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २०१८ मध्ये निराळा मार्ग सुचविला. असे तंटे सोडविण्यासाठी देशातच एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापावे, असा तो मार्ग होता. त्याचाही कायदा झालेला नाही.

कराराच्या कर्त्यांसमोर १९८० साली जे चित्र होते ते प्राय: ताबा न मिळालेल्या बापाचे होते. प्रत्यक्षात चित्र पालटले. कराराखालील अर्जांचा जो जागतिक अभ्यास वेळोवेळी होतो, त्यात २०१५ च्या अर्जांपैकी सुमारे ७३ टक्क्यांमध्ये मूल नेणारी व्यक्ती आई होती. ही गोष्ट विसरून करार शिकविणे म्हणजे जुन्या नकाशावरून नवे गाव शोधण्यासारखे आहे.

३

आता महाराष्ट्राशी संबंधित दोन निकाल समोर ठेवू. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे आहेत आणि दोहोंत परदेश एकच, अमेरिका. तरी त्यांची उत्तरे मात्र परस्परविरुद्ध आहेत.

पहिला नोव्हेंबर १९८६ चा. मिशिगन राज्यातील न्यायालयाने घटस्फोटानंतर मुलाचा ताबा आईस दिला होता. भेटीच्या हक्काचा आधार घेऊन बापाने जानेवारी १९८६ मध्ये मूल उचलले आणि पुण्यास आपल्या वडिलांच्या घरी आणले. आईने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती बालकृष्ण एराडी यांनी मूल आईच्या स्वाधीन करण्याचा हुकूम दिला. मूल येऊन त्या वेळी दहा महिने झाले होते. निकालाची भाषा कल्याणाची आहे. कायदेशीर हक्कांपेक्षा मुलाचे हित हीच एकमेव कसोटी, असे त्यात निक्षून सांगितले आहे. परंतु निकालाचा परिणाम करारात अभिप्रेत असलेल्या परत पाठवणीचाच आहे.

दुसरा नोव्हेंबर १९९७ चा. येथे आईने तान्हे मूल अमेरिकेहून मुंबईस आणले होते. बापाने अमेरिकेत ताब्याचे हुकूम मिळविले. मुंबईत वर्षानुवर्षे दावे चालले. खालच्या न्यायालयांचा कौल शेवटी बापाकडे गेला. न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव यांनी तो फिरविला. कराराच्या बाहेरील देशात परदेशी हुकूम हा विचारात घ्यावयाच्या गोष्टींपैकी एक होय. न्यायालयाने संक्षिप्त चौकशी करून मूल त्वरित परत पाठवावे किंवा सविस्तर चौकशी करावी. कोणता मार्ग घ्यावा हे बव्हंशी लोटलेल्या काळावर अवलंबून राहील, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश देता येईल. निकालाच्या दिवशी मुलाने वयाची बारा वर्षे ओलांडली होती. त्यास आईवाचून दुसरे घर ठाऊक नव्हते. अशा मुलास विमानात बसवून अपरिचित बापाकडे पाठविणे हे कोणत्याही तत्त्वाने समर्थनीय ठरले नसते.

हे दोन निकाल एकमेकांपुढे ठेवून विद्यार्थी विचारतात, यांतील कायदा कोणता? प्रस्तुत लेखकाचे उत्तर असे की, कायदा दोहोंत एकच आहे आणि भेद काळाचा आहे. पहिल्यात दहा महिने, दुसऱ्यात बारा वर्षांहून अधिक. पहिले प्रकरण मुंबईच्या वाटेने बारा वर्षे चालले असते, तर एराडी यांचा हुकूम तसाच राहिला असता असे कोणीही म्हणणार नाही. दुसरे दहा महिन्यांत सर्वोच्च न्यायालयापुढे आले असते तर निकाल काय लागला असता, हे सांगता येत नाही. पण युक्तिवाद निराळा झाला असता हे निश्चित. १९९७ च्या निकालाची थोरवी ही की, त्याने काळाचे हे सामर्थ्य उघड मान्य केले. त्याची मर्यादा ही की, काळ इतका का लोटला, आणि पुढे लोटू नये यासाठी खालच्या न्यायालयांनी काय करावे, याविषयी त्याने दंडक घालून दिला नाही.

४

या दोन निकालांच्या मागेपुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा लंबक हेलकावत राहिला आहे. १९८४ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी इंग्लंडमधून पंजाबात आणलेल्या मुलाच्या प्रकरणी असे म्हटले की, ज्या देशाशी मुलाचा आणि विवाहाचा निकटतम संबंध आहे तेथील न्यायालयाने निवाडा करावा. पक्षकारास सोईचे न्यायालय निवडू देऊ नये. २००९ च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती लोढा यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयाचे हुकूम मोडून आणलेल्या मुलास परत नेण्याचा आदेश दिला. तेथे दोन वर्षे उलटली होती. पण मूल लपविण्यासाठी त्यास गावोगाव फिरविले होते, केंद्रीय अन्वेषण विभागास ते शोधून काढावे लागले, आणि त्यामुळे ते कोठेच रुजले नाही, असे न्यायालयास दिसले. २०१५ मध्ये न्यायमूर्ती लोकूर यांनी परदेशी न्यायालयाच्या आधीच्या हुकमास मोठे वजन दिले. ३ जुलै २०१७ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी ते वजन उतरविले आणि परदेशी हुकूम हा अनेक बाबींपैकी एक, हे १९९७ चे सूत्र पुन्हा प्रस्थापित केले. त्या प्रकरणातील मुलगी हृदयविकाराने आजारी होती आणि आईपाशी होती. २०२० च्या जानेवारीत न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी मात्र अमेरिकेहून आणलेल्या बालिकेस परत नेण्याचा हुकूम दिला. न्यायालयांच्या परस्पर सौजन्याचा आणि मुलाच्या दोन्ही पालकांवरील हक्काचा त्यांनी आवर्जून उल्लेख केला. २०२२ मधील काही निकालही परत पाठवणीच्या बाजूचे आहेत.

सर्वच निकाल काळाच्या पट्टीने मोजता येतील असा येथे दावा नाही. २००९ आणि २०१७ या दोन्ही प्रकरणांत सुमारे दोन वर्षे गेली होती. उत्तरे विरुद्ध आली. तथापि यावरून एक अनुमान निघते. काही महिने आणि दहा-बारा वर्षे या दोन टोकांना निकालाचे भाकीत करता येते; मधल्या दीड-दोन वर्षांच्या पट्ट्यात ते करता येत नाही. आणि ज्या पट्ट्यात भाकीत करता येत नाही, त्यात व्यवहारज्ञ वकील आपल्या अशिलास काय सल्ला देतो? मूल ज्याच्यापाशी आहे त्यास तो सांगतो, 'तारीख घ्या'. प्रत्येक तारीख मुलाच्या मुळ्या खोल नेते, आणि त्या मुळ्या हाच पुढे पुरावा होतो. कायद्यातील अनिश्चितता येथे विलंबाची जननी ठरते आणि विलंब पुन्हा कायद्यास अनिश्चित करतो. या चक्रास आमच्या टीकाकारांनी पुरेसे महत्त्व दिलेले नाही. त्यांची चर्चा राष्ट्रीय सार्वभौमत्व विरुद्ध परस्पर सौजन्य, या मोठ्या शब्दांत अडकून पडते.

५

आता प्रशिक्षणाकडे वळू. १९९८ साली नेदरलँड्समधील डी रुवेनबर्ग येथे भरलेल्या न्यायाधीशांच्या चर्चासत्रात इंग्लंडचे लॉर्ड जस्टिस थॉर्प यांनी निरनिराळ्या देशांच्या न्यायाधीशांचे एक जाळे असावे अशी सूचना केली. त्यातून हेग न्यायाधीशांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. त्याखेरीज परिषदेने न्यायाधीशांसाठी वार्तापत्र काढले, निकालांचा संग्रह खुला केला आणि 'उत्तम कार्यपद्धतीची मार्गदर्शिका' भागाभागांनी प्रसिद्ध केली. तिचा गंभीर धोक्याच्या अपवादावरील भाग २०२० साली आला. हे सारे साहित्य विद्यार्थ्यांनी मुळातून वाचण्यासारखे आहे. त्याची शिस्त आणि भाषेची स्वच्छता आपल्या विधिसाहित्याने घ्यावी अशी आहे.

या साहित्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे दोन प्रश्नांची फारकत. 'कोठे ठरवावे' आणि 'काय ठरवावे' हे प्रश्न आपल्या न्यायासनापुढे नेहमी एकमेकांत मिसळतात. कल्याणाची कसोटी आपल्याला इतकी प्रिय आहे की, न्यायालय कोणते, हे ठरविण्यापूर्वीच आपण मुलाची शाळा, आजीची माया आणि बापाचे उत्पन्न तपासू लागतो. आणि ही तपासणी एकदा सुरू झाली की सहा आठवड्यांत संपत नाही. या बाबतीत परदेशी शिक्षकाकडून शिकण्यात कमीपणा नाही.

परंतु उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली उणीव अशी की, या शिक्षणाचे यश मोजण्याचे माप परत पाठवणीच्या संख्येचे आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २०१४ च्या कायद्यानंतरच्या अनेक वार्षिक अहवालांत भारताची गणना असहकाराची परंपरा दाखविणाऱ्या देशांत केली. एका हाताने असा शेरा लिहावयाचा आणि दुसऱ्या हाताने त्याच देशाच्या न्यायाधीशास शिकविण्याचा प्रस्ताव ठेवावयाचा, या दोन भूमिकांचा मेळ बसणे कठीण आहे. न्यायाधीश हा ज्याचे मन वळवावयाचे असा प्रतिपक्ष नव्हे. त्याने शिकावे ते विचार कसा करावा हे. कोणत्या निष्कर्षावर यावे हे नव्हे.

दुसरी उणीव म्हणजे हे शिक्षण शिक्षकांचे स्वत:चे मतभेद झाकून ठेवते. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० साली कुटुंबाच्या परिस्थितीची सखोल तपासणी व्हावी असे म्हटले आणि २०१३ साली लॅटव्हियाच्या प्रकरणात ती अपेक्षा आवरती घेतली. गंभीर धोक्याच्या आरोपाचा खरोखरीचा विचार करून कारणे द्यावीत, एवढ्यावर ते थांबले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये असे ठरविले की, गंभीर धोका सिद्ध झाल्यावर तो कमी करण्याचे सर्व उपाय तपासलेच पाहिजेत असे बंधन करार घालीत नाही. सारांश, बेचाळीस वर्षांनंतरही शिक्षक स्वत: शिकतच होते. ही गोष्ट विद्यार्थ्यापासून लपविण्यात हशील नाही. सहा आठवड्यांची मुदतही तशीच. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात २०१५ च्या अर्जांचा शेवट होण्यास सरासरी १६४ दिवस लागल्याचे आढळले. करार स्वीकारल्याने विलंबाचा रोग आपोआप बरा होत नाही.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. 'मूल परत पाठवा' असा हुकूम जेव्हा लहान मुलाविषयी दिला जातो, तेव्हा तो व्यवहारात आईस परत पाठविण्याचा हुकूम असतो. अमेरिकेतील कित्येक भारतीय स्त्रियांचे तेथील वास्तव्य पतीच्या नोकरीच्या परवान्यावर अवलंबून असते. अशा अवलंबितांपैकी सर्वांना काम करण्याची मुभा नसते. विवाह संपला की वास्तव्याचा आधारही संपतो. मग ही आई कोणत्या हक्काने विमानतळाबाहेर येणार, कोठे राहणार, आणि तेथील न्यायालयात वकील कशाच्या बळावर देणार? या प्रश्नांची उत्तरे बुलढाण्याच्या न्यायाधीशापाशी नसतात. ती तेथील न्यायाधीशाने व तेथील शासनाने द्यावयाची असतात. तेव्हा शिक्षण उभयपक्षी हवे. इकडच्या न्यायाधीशाने नित्य निवास म्हणजे काय हे शिकावे, तर तिकडच्याने परत येणाऱ्या आईची सोय हुकमात कशी लिहावी हे शिकावे.

असे उभयपक्षी काम होऊ शकते याचे उदाहरण शेजारीच आहे. पाकिस्तान कराराचा सदस्य नसताना, जानेवारी २००३ मध्ये इंग्लंडच्या आणि पाकिस्तानच्या ज्येष्ठ न्यायाधीशांनी एकत्र बसून एक संमतिपत्र तयार केले. मुलाच्या नित्य निवासाच्या न्यायालयाने सामान्यत: निवाडा करावा, आणि दोन्ही देशांत एकेक संपर्क-न्यायाधीश असावा, असे त्याचे सार होते. त्यात कोणी शिक्षक नव्हता आणि कोणी विद्यार्थी नव्हता. पुढे २०१६ साली पाकिस्तानने करारही स्वीकारला. आधी न्यायाधीशांचा परस्पर विश्वास आणि मग राष्ट्रांची सही, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

६

ही सारी चर्चा हेग आणि दिल्ली यांच्यातील आहे असे वाटेल. म्हणून ती एका गावाच्या पायरीवर आणून पाहू. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीड हे गाव घेऊ. समृद्धी महामार्ग याच परिसरातून गेल्याने मुंबईचा विमानतळ आता येथून पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. या प्रदेशास सरहद्दीचा अनुभव नवा नाही, हेही सांगितले पाहिजे. १९४८ पूर्वी सिंदखेडहून जालन्याकडे निघालेला मनुष्य ब्रिटिश अंमलाखालील वऱ्हाडातून निजामाच्या राज्यात जाई; जालन्याचे न्यायालय वऱ्हाडाच्या लेखी परक्या राज्याचे होते. काही कोसांवर कायदा बदलतो ही गोष्ट तेथील आजोबा-पणजोबांस पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

एक उदाहरण कल्पू. ते सर्वस्वी काल्पनिक आहे. दुसरबीडची एक कन्या न्यू जर्सीत नांदते. पाच वर्षांची मुलगी घेऊन ती दिवाळीस माहेरी येते. परतीचे तिकीट असते, पण ती परतत नाही. आपणास तेथे मारहाण होत होती असे ती आईवडिलांस सांगते. महिन्याभरात पतीने तेथील न्यायालयाचा हुकूम मिळविलेला असतो. आता कायदा काय म्हणतो? दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ४४-अ येथे निरुपयोगी आहे, कारण ते मुख्यत: पैशाच्या हुकूमनाम्यांचे आहे आणि अमेरिका त्याखाली अधिसूचित देशही नाही. कलम १३ खाली परदेशी निवाड्याची तपासणी होते. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे, अज्ञान मूल जेथे सर्वसाधारणत: राहते तेथील जिल्हा न्यायालयास अधिकार असतो. दिवाळीत आलेली मुलगी 'सर्वसाधारणत:' दुसरबीडची केव्हा होते? हा प्रश्नही जुनाच आहे. अ‍ॅनी बेझंट यांच्याविरुद्ध जे. कृष्णमूर्तींच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९१४ साली मद्रासच्या न्यायालयांचे निर्णय रद्द केले. मुले शिक्षणासाठी इंग्लंडात असल्याने ती चिंगलपेट जिल्ह्यात सर्वसाधारणत: राहत नव्हती, हे त्याचे प्रमुख कारण होते. नित्य निवासाची कल्पना हेगहून आयात करण्यापूर्वीच तिचे बीज आपल्या कायद्यात होते, ते असे.

आई बुलढाण्यास अर्ज करते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे कलम ६ पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यत: आईस देते, मुलीने पाचवे वर्ष नुकतेच ओलांडलेले असते, म्हणून वाद वाढतो, कलम १३ चे 'कल्याण' दोन्ही बाजू आपल्याकडे ओढतात. पतीचे वकील अनुच्छेद २२६ खाली नागपूर खंडपीठापुढे देहोपस्थितीचा अर्ज करतात, कारण वऱ्हाड त्या खंडपीठाच्या कक्षेत आहे. दोन न्यायालये, दोन निराळ्या कसोट्या. एक विचारते, मूल बेकायदा अडकवून ठेवले आहे काय. दुसरे विचारते, मुलाचे हित कशात आहे. ठाण्याचा अंमलदार घरी येऊन आईचा जबाब घेतो; तिच्या हातातील इंग्रजी हुकूम त्यास कोणी समजावून दिलेला नसतो.

इकडे काळ आपले काम करीत असतो. दिवाळीत ज्या मुलीस मराठीतील दोन-चार शब्द येत होते, ती होळीला चुलत भावंडांशी वऱ्हाडीत भांडू लागते; आषाढात तिचे नाव शाळेच्या पटावर चढते; पुढल्या दिवाळीत बापाशी दूरध्वनीवर बोलताना तिला इंग्रजी शब्द आठवावे लागतात. आता न्यायालयापुढे जी मुलगी उभी राहील ती विमानातून उतरलेली मुलगी नव्हे. वर्षभराच्या तारखांनी तिला दुसरी केलेली असते. आईचा मारहाणीचा आरोप खरा असेल तर तो पहिल्या महिन्यातच तपासला जावयास हवा होता. खोटा असेल तर मुलगी पहिल्या दोन महिन्यांतच परत जावयास हवी होती. दोन्ही पक्षी विलंब हा अन्यायच. आणि बापाची गोष्ट विसरून चालणार नाही. आरोप खोटा असेल तर त्याच्या आयुष्यातून एक मूल निव्वळ तारखांच्या बळावर नाहीसे झाले, असे होते.

७

या उदाहरणावरून न्यायाधीशाच्या शिक्षणाचा आराखडा आपोआप पुढे येतो. पहिल्या आठवड्यात करावयाची कामे अशी: मुलाचे पारपत्र न्यायालयात ठेवणे, मूल गावोगाव हलविले जाऊ नये असा हुकूम करणे, आणि दूरच्या पालकाशी दृक्श्राव्य भेट ठरवून देणे. भेट चालू राहिली तर पुढे निकाल कोणताही लागो, मूल दोहोंपैकी एकास परके होत नाही. त्यानंतर मर्यादित चौकशी: मूल येण्यापूर्वी कोठे राहत होते, संमती होती काय, आणि परत गेल्यास धोका आहे काय. यापलीकडचे, म्हणजे बापाचा पगार आणि आजीचे घर, या टप्प्यावर विचारावयाचे नाही. धोक्याचा आरोप असेल तर तिकडच्या न्यायालयाशी, उभय पक्षांस कळवून आणि नोंद ठेवून, थेट पत्रव्यवहार करावयाचा. आईच्या वास्तव्याची, निर्वाहाची आणि संरक्षणाची हमी तिकडच्याच हुकमात येईपर्यंत परत पाठवणी करावयाची नाही. हमी ठरलेल्या मुदतीत आली नाही तर येथेच सविस्तर चौकशी सुरू करावयाची. यांतील एकाही गोष्टीसाठी संसदेच्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. १९९७ च्या निकालाने दिलेल्या संक्षिप्त व सविस्तर चौकशीच्या विवेकाधिकारातच हे सारे बसते.

हे शिक्षण कोणास द्यावे हाही प्रश्न आहे. आपल्याकडे भोपाळ येथे राष्ट्रीय न्यायिक अकादमी आणि उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. शिक्षणास जागेची उणीव नाही. अडचण अशी की, जिल्ह्याचा न्यायाधीश साधारणत: तीन वर्षांनी बदलून जातो आणि असे प्रकरण त्याच्यापुढे कारकिर्दीत एखादेच येते. त्यास एक दिवसाचे व्याख्यान देऊन काही साधणार नाही. जपानने २०१४ मध्ये करार स्वीकारताना या प्रकरणांचा अधिकार तोक्यो आणि ओसाका येथील दोनच कौटुंबिक न्यायालयांकडे सोपविला. त्यामुळे अनुभव साचत गेला. महाराष्ट्रातही प्रत्येक खंडपीठाच्या कक्षेत एकेक न्यायालय या कामासाठी मुक्रर करणे, आणि इतर न्यायालयांनी पहिल्या आठवड्याची कामे करून प्रकरण तेथे पाठविणे, ही व्यवस्था विचारार्ह आहे. तिच्याविरुद्ध एक आक्षेप योग्य आहे. दुसरबीडच्या आईस नागपूरची वारी बुलढाण्याहून महाग पडेल. तो आक्षेप दृक्श्राव्य सुनावणीने आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने बराचसा निवारता येईल; पूर्णपणे नव्हे.

भारताने करारावर सही करावी की न करावी, या वादात प्रस्तुत लेखक शिरलेला नाही. दोन्ही बाजूंस वजनदार कारणे आहेत. परंतु सही झाली तरी सहा आठवड्यांत निकाल देणारा न्यायाधीश लागणारच, आणि सही न झाली तरी तोच लागणार. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात संशोधनास वाव आहे तो येथे. गेल्या चाळीस वर्षांतील आपल्या उच्च न्यायालयांचे निकाल घेऊन, मूल आल्याचा दिवस, पहिल्या अर्जाचा दिवस, पहिल्या भेटीचा हुकूम आणि अंतिम निकाल, अशा चार तारखांची एक सारणी तयार करावी. कोणता न्यायमूर्ती कोणत्या तत्त्वाचा, ही वर्गवारी पुष्कळ झाली. ही सारणी मात्र अजून व्हावयाची आहे, आणि न्यायाधीशांच्या कोणत्याही वर्गात पहिला धडा म्हणून तीच ठेवावी लागेल.